हुन्नर की पेशा? दहावी-बारावीनंतर काम निवडण्याआधी काय तपासायचं

मराठीत या विषयाची अडचण शब्दापासूनच सुरू होते. आयटीआयचा कारभार ज्या खात्याकडे आहे त्याचं नाव व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. तिथे 'व्यवसाय' म्हणजे ट्रेड: वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर). पगारातून कापला जातो तो व्यवसाय कर, आणि तो डॉक्टर, वकील, कारकून सगळ्यांनाच लागतो. कोपऱ्यावरचा किराणावालाही व्यवसायच करतो. एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबल्यामुळे घरात चर्चा सुरू झाली की बापाच्या मनात एक असतं, मुलाच्या मनात दुसरं. म्हणून इथे दोन वेगळे शब्द धरू. हात बसवून शिकायचं, कौशल्यावर चालणारं काम ते हुन्नर: वायरमन, प्लंबर, वेल्डर, गवंडी, सुतार, फिटर. ठरावीक शिक्षण घेऊन, कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लावून, स्वतःच्या सहीच्या जबाबदारीवर करायचं काम तो पेशा: डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट.

फरक नेमका कुठे आहे

हुन्नर हाताचा आणि पेशा डोक्याचा, असं सर्रास सांगितलं जातं. ते मनातून काढून टाका. सर्जनचं सगळं कसब हातात असतं, आणि चांगला वायरमन घराचा लोड काढताना हिशेबच करत असतो. खरा फरक शोधायला एकच प्रश्न विचारा: काम नीट झालं की नाही, हे कोण सांगू शकतं आणि कधी?

प्लंबरने पाइप टाकले की फरशी बसवण्याआधी लाइनला पंपाने दाब द्यायचा, गेजवरचा आकडा लिहून ठेवायचा आणि काही तास तसंच ठेवायचं. आकडा उतरला तर कुठेतरी जॉइंट गळतोय. हे घरमालकालाही दिसतं. काम स्वतःच साक्ष देतं, आणि भरवसा कामावरून बसतो. डॉक्टरच्या औषधाचं तसं नाही. ताप उतरला तो गोळीने की आपोआप, हे रोग्याला शेवटपर्यंत कळत नाही. सीएने ताळेबंद तपासला, पण काय तपासायचं राहिलं, हे बँकेला किंवा भागधारकाला समजायला वर्षं जातात. ज्याला काम पारखता येत नाही त्याचं रक्षण व्हावं म्हणून कायदा मध्ये येतो. तो नोंदवही ठेवतो, किमान शिक्षण ठरवतो, आचारसंहिता लावतो आणि चुकलेल्याचं नाव खोडायची सोय करतो. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये, वकिलाचं बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवामध्ये, सीएचं इन्स्टिट्यूटच्या सभासद यादीत. नाव खोडलं गेलं की डोक्यातली विद्या शाबूत राहूनही काम बंद.

इथे दोन अपवाद माहीत असायला हवेत, कारण याच दोन ठिकाणी बहुतेक पालक फसतात.

पहिला इंजिनिअरचा. इंजिनिअर हा शब्द आपल्याकडे पेशा म्हणूनच वापरला जातो, पण डॉक्टर-वकिलांसारखी इंजिनिअरांची देशपातळीवरची सक्तीची नोंदवही भारतात नाही. पदवी मिळाली की माणूस इंजिनिअर. इमारतीच्या नकाशांवर सही करायची असेल तेव्हा महापालिका किंवा नगरपालिका शिक्षण आणि अनुभव पाहून परवाना देते. महाराष्ट्रात २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत स्ट्रक्चरल इंजिनिअर, पर्यवेक्षक अशा प्रत्येकाची पात्रता दिलेली आहे. तेव्हा 'इंजिनिअर झालास म्हणजे सही आली' हे खरं नाही. बहुसंख्य इंजिनिअर आयुष्यभर कंपनीच्या नावाखाली काम करतात आणि स्वतःच्या नावाने कशावरच सही करत नाहीत.

दुसरा आर्किटेक्टचा. १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं की हा कायदा उपाधीला संरक्षण देतो, नकाशे काढण्याच्या कामावर त्याने बंदी घातलेली नाही. पाच वर्षांची बी.आर्च. करताना आपण काय मिळवतोय, हे यावरून नीट समजून घ्यावं.

एका गॅलरीच्या स्लॅबवर दोन्ही पाहा

फरक पुस्तकात वाचून समजत नाही, साइटवर पटकन समजतो. गॅलरीचा स्लॅब घ्या. तो इमारतीतून बाहेर लोंबता असतो, पुढच्या टोकाला खांब नसतो. वजन आलं की टोक खाली झुकू पाहतं आणि ताण वरच्या अंगाला बसतो. म्हणून मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या बाजूला हव्यात. खोलीच्या साध्या स्लॅबमध्ये मधल्या भागात याच्या उलट, सळ्या खाली असतात.

हे ठरवतो आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या सळई-काँक्रीटचा हिशेब करणारा इंजिनिअर. सळई किती जाडीची, किती अंतरावर, आत किती लांब न्यायची, सगळं ड्रॉइंगवर लिहून तो खाली सही करतो. पुढचं काम सेंट्रिंगवाल्याचं आणि सळई बांधणाऱ्या फिटरचं. फिटर जाळी बांधतो आणि वरची जाळी वर राहावी म्हणून खाली सळईच्याच वाकवलेल्या चेअर ठेवतो. त्या कमी पडल्या, किंवा काँक्रीट ओतताना घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून चालली, की सळ्या खाली दबतात. पाच इंची म्हणजे १२५ मिमी स्लॅबमध्ये वरची सळई ५० मिमी खाली गेली, तर त्या जागी गॅलरीची वजन पेलायची ताकद निम्म्याच्या आसपास येते. ड्रॉइंग बरोबर, सळईचं वजन बरोबर, बिल बरोबर, आणि गॅलरी मात्र धोक्याची.

आता कोणाचं काय, ते पाहा. सळई वर का हवी, हे ज्याला समजतं आणि किती हवी, हे ज्याला काढता येतं, तो पेशातला. ती वर राहील अशी बांधणारा आणि ओततानाही जाळीवर फळ्या टाकून लोकांना त्यावरून चालायला लावणारा, तो हुन्नरातला. काँक्रीट ओतल्यावर दोघांचं काम कायमचं झाकलं जातं. म्हणून ओतण्याच्या आदल्या दिवशी कन्सल्टंटने किंवा त्याच्या माणसाने साइटवर येऊन जाळी, कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून लावायचे छोटे ठोकळे) आणि चेअर तपासायच्या आणि लेखी मंजुरी द्यायची. सगळ्यात जास्त चुका या तपासणीच्या वेळीच होतात. कन्सल्टंट फोनवरून 'ओता' म्हणतो, आणि फिटरला गॅलरीचं ड्रॉइंग कोणी वाचून दाखवलेलं नसतं.

गवंडीही असाच. काँक्रीट घट्ट वाटलं की बादलीभर पाणी वाढवायची सवय असते, कारण पातळ माल पसरायला सोपा. जादा पाणी वाळून उडालं की मागे बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. एम-२० प्रतीचं काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याची) ताकद दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. पाणी वाढवलं की हा आकडा गाठला जात नाही, आणि ते कळतं क्यूब फोडल्यावरच. ज्या गवंड्याला हे 'का' माहीत आहे त्याची मजुरी चार पैसे जास्त असते, आणि ती द्यायला हवी.

हुन्नराचा रस्ता: वायरमनचं उदाहरण

विजेचं काम घेऊ, कारण इथे कायद्याने पायऱ्या आखून दिल्या आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम (आधी २०१०चे, आता २०२३चे) सांगतात की वीजसंचाचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या माणसाने करायचं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं अशा किरकोळ कामांना सूट आहे. म्हणजे एकाच कामात तीन पायऱ्या झाल्या: तारतंत्री, पर्यवेक्षक, ठेकेदार. हुन्नराला कायदा शिवत नाही, हा गैरसमज इथे पुसला जातो.

पहिली पायरी आयटीआय. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावीत गणित आणि विज्ञान लागतं. संधाता आणि नळकारागीर एक वर्षाचे. प्रवेशाआधी संस्थेच्या पाटीपेक्षा ट्रेडची संलग्नता पाहा. राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र फक्त संलग्न ट्रेडमधूनच मिळतं. 'सहा महिन्यांत इलेक्ट्रिशियन डिप्लोमा' असल्या खासगी कागदाने ना अप्रेंटिसशिप नीट मिळते, ना सरकारी भरती. शक्य असेल तर वर्कशॉप पाहून या. प्रत्येक मुलाला स्वतंत्र बोर्ड मिळतो की पाच जण मिळून एका बोर्डावर काम करतात? वाइंडिंगला मोटारी आहेत का? मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं उपकरण) चालू आहे का? याची उत्तरं मिळाली की संस्था कळली.

दुसरी पायरी अप्रेंटिसशिप, १९६१च्या कायद्याखालची. आयटीआय झालेल्यांसाठी बहुतेक ट्रेडना ती एक वर्षाची असते. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के प्रमाणात अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा जागा असतात. २०१९च्या नियमांत किमान विद्यावेतन असं ठरलं: दहावी पास ६,०००, आयटीआय पास ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवीधर ९,००० रुपये महिना. सही करण्याआधी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर चालू आकडा पाहून घ्या. करार पोर्टलवर चढला की नाही, हेही तपासा. करार नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्त हेल्पर आहात, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षाही नाही, प्रमाणपत्रही नाही. रोज काय केलं याची वही ठेवा. तीन महिने नुसतं सामान वाहून गेले असतील, तर त्या वहीवरूनच तक्रार करता येते.

तिसरी पायरी परवाना. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. तो राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून वेगळा काढावा लागतो, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती त्यानंतर. ही शेवटची पायरी टाळणारे फार आहेत, आणि तिथेच त्यांची कमाई अडते. नव्या वीजजोडणीच्या अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. परवाना नसलेला वायरमन संपूर्ण घराचं काम करतो आणि शेवटी दुसऱ्याच्या सहीसाठी पैसे मोजतो. सही करणाऱ्याने साइट पाहिलेलीही नसते. ही पद्धत दोघांनाही महागात पडते, कारण अपघात झाला तर कागदावर नाव सही करणाऱ्याचं आणि साइटवर हात तुमचा.

हात बसणं म्हणजे काय, ते एका लहान गोष्टीत दिसतं. वायरचं इन्सुलेशन ब्लेडने गोल फिरवून कापलं की आतल्या तांब्याच्या दोन-तीन तारांना चीर पडते. त्या तिथेच तुटतात, उरलेल्या तारांवर सगळा करंट येतो आणि टोक तापतं. इन्सुलेशन सोलायचं स्ट्रिपरने, टर्मिनलच्या खोलीएवढंच, साधारण ८ ते १० मिमी. तारा पिळून आत घालायच्या, स्क्रू आवळायचा आणि वायर ओढून पाहायची. गीझर आणि एसीचे जळालेले सॉकेट उघडून पाहिले तर बहुतेक वेळा सैल स्क्रू सापडतो. दीड टनाच्या एसीला वेगळं सर्किट, ४ चौरस मिमीची वायर आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच), हे पुस्तक वाचून कोणीही सांगेल. ओढून पाहायची सवय हजार टर्मिनल आवळल्यावर लागते. वायरिंग संपलं की जोडणीआधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासायचं. एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर पुढे जायचं नाही, कुठल्या पाइपात वायर सोलली गेली ते सर्किटागणिक शोधायचं.

आयटीआय न करता कामावरच शिकलेल्यांनी पूर्वानुभव मूल्यांकनाच्या, म्हणजे आरपीएलच्या योजना पाहाव्यात. त्यात येतं ते काम तपासून प्रमाणपत्र मिळतं. बांधकामावर असाल तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करा, वय १८ ते ६०. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. तिच्यात १८ पारंपरिक हुन्नर आहेत: गवंडी, सुतार, लोहार, शिंपी, चर्मकार, नाभिक वगैरे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. वायरमन, प्लंबर आणि वेल्डर या यादीत नाहीत. त्यांना अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट फसवतोय, हे ओळखा.

पेशाचा रस्ता

इथे काळ लांब आणि कमाई उशिरा. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर वर्षभर इंटर्नशिप. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षं धरली तर बारावीनंतरची साडेआठ वर्षं शिक्षणातच जातात. सीएचा रस्ता मात्र हुन्नरासारखाच आहे: २०२३च्या नव्या रचनेत दोन वर्षांची आर्टिकलशिप, जुन्या सीएच्या हाताखाली. फाउंडेशन बारावीनंतर देता येतं आणि फी डॉक्टरकीच्या मानाने किरकोळ. अडचण निकालाची. परीक्षेचा एक ग्रुप राहिला की काही महिने, कधी वर्ष पुढे जातं, आणि घरची तयारी तेवढा धीर धरायची हवी.

प्रवेशाआधी एकच तपासणी चुकवू नका: हा अभ्यासक्रम संपवल्यावर नोंदणी देणाऱ्या कौन्सिलच्या यादीत हे कॉलेज, याच वर्षासाठी आहे का? विद्यापीठाची मान्यता वेगळी, कौन्सिलची वेगळी. कायद्याच्या पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडिया, आर्किटेक्चरला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, डी.फार्म.-बी.फार्म.ला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया. यादी कौन्सिलच्या साइटवर असते, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

सहीची किंमतही आधीच समजून घ्यावी. सीए प्रत्येक दाखल्यासाठी यूडीआयएन हा १८ अक्षर-अंकी क्रमांक काढतो, २०१९पासून तो सक्तीचा झाला. दाखला बनावट आहे का, हे बँक दोन मिनिटांत पाहू शकते. म्हणून 'ओळखीच्या सीएकडून उत्पन्नाचा दाखला' मागणाऱ्या नातेवाइकाला नाही म्हणता येणं, हा या पेशातला रोजचा भाग आहे. वकिलाला जाहिरात करता येत नाही. प्लंबरने रिक्षाच्या मागे नंबर लावला तर ते शहाणपणाचं, वकिलाने लावला तर शिस्तभंग. ग्राहक कायद्यातही फरक आहे. डॉक्टरची सेवा १९९५पासून ग्राहक न्यायालयाच्या कक्षेत आहे, वकिलाची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४चा निर्णय आहे. वायरमन, प्लंबर, ठेकेदार पैसे घेऊन सेवा देतात, त्यामुळे ते कक्षेत येतातच.

मधली जागाही मोठी आहे आणि तिच्याकडे फार कमी घरांचं लक्ष जातं: नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन. हात हुन्नराचा, नोंदणी पेशाची. डी.फार्म. दोन वर्षांचं आणि ५०० तासांचं प्रत्यक्ष काम, पण प्रवेशाला बारावी विज्ञान लागतं. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असावा लागतो, आणि म्हणूनच प्रमाणपत्र भाड्याने मागणारे येतात. देऊ नका. तपासणीत दुकानाबरोबर तुमची नोंदणीही जाते, आणि ज्या दुकानात तुम्ही उभेच नव्हता तिथल्या चुकीच्या औषधाला तुम्ही उत्तर द्यायचं, असा तो सौदा असतो.

पैसा, बिल आणि कर

हुन्नराचा पैसा मापावर चालतो. वायरमन पॉइंटवर, फरशीवाला चौरस फुटावर, गवंडी ब्रासवर (शंभर फुटांचं माप), नाहीतर हजेरीवर. काम अंगावर घेतलं की नफा वेगातून येतो आणि जोखीम आपली. कोटेशनमध्ये पाच गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: पॉइंट म्हणजे काय धरलंय (पंख्याचा रेग्युलेटर त्यात की वेगळा), सामान कोणाचं आणि कुठल्या ब्रँडचं, वायरसाठी भिंतीत झिरी मारणं आणि बुजवणं कोणाकडे, पैसे कुठल्या टप्प्याला, जादा कामाचा दर. भांडणं जवळजवळ नेहमी झिरी बुजवण्यावरून आणि जादा पॉइंटवरून होतात. ॲडव्हान्स सामानापुरता घ्या, मजुरी टप्प्याने. शेवटचे दहा टक्के अडकतात हे गृहीत धरूनच दर लावा.

पेशाचा पैसा फीवर चालतो, आणि तिथे लिहायचं असतं ते काम कुठे संपतं. आर्किटेक्टने किती ड्रॉइंग, किती साइट भेटी, बदल किती वेळा फुकट, हे पत्रात लिहिलं नाही तर एकाच फीमध्ये तीन घरांचं काम होतं.

कर खातं हा फरक रुपयांत मोजतं. समजा वर्षाची जमा १० लाख, सगळी बँकेतून. इलेक्ट्रिकल ठेकेदार व्यवसायाच्या अनुमानित योजनेत, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्याने उत्पन्न धरायच्या सोयीत (१९६१च्या कायद्यातलं कलम ४४एडी) किमान ६ टक्के, म्हणजे ६०,००० उत्पन्न दाखवू शकतो. रोखीच्या जमेवर ८ टक्के. सीए, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंजिनिअरिंग सल्लागार यांना ४४एडीएप्रमाणे किमान ५० टक्के, म्हणजे ५ लाख दाखवावे लागतात. हे आकडे किमान आहेत. खरी कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवायची, आणि पुढे घरासाठी कर्ज हवं असेल तर बँक हाच आकडा पाहते. ६०,००० दाखवणाऱ्याला कर्ज मिळत नाही, मग महिन्याला कितीही सुटत असोत. बिलाचे पैसे देतानाच कापला जाणारा कर, म्हणजे टीडीएसही वेगळा: एकट्या ठेकेदाराच्या बिलावर १ टक्का, व्यावसायिक फीवर १० टक्के. लाखाच्या बिलात १,००० आणि १०,०००चा फरक. कंपनीचा अकाउंटंट वायरिंगच्या कामाला 'प्रोफेशनल फी' लिहून दहा टक्के कापतो, तेव्हा बिलावर 'वायरिंग काम, मजुरी व साहित्य' असं स्पष्ट लिहून दुरुस्ती मागा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या क्रमांकावरून फॉर्म भरू नका.

शरीराचा हिशेबही पैशाचाच आहे. वेल्डरने हाताने आर्क मारताना १० किंवा ११ नंबरची काच वापरलीच पाहिजे, शेजारी टॅक मारताना तुकडा पकडणाऱ्यानेसुद्धा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते विसरून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या डोळ्यांनी उभं राहणारे चाळिशीत पस्तावतात. फरशीवाल्याचे गुडघे, गवंड्याची कंबर यांना मर्यादा आहे. पंचेचाळिशीच्या आत पर्यवेक्षक किंवा ठेकेदार व्हायचं, असं विसाव्या वर्षीच ठरवून परवाने काढत जायचे. पेशात उलटं: तिशीपर्यंत हात आखडता, नंतर वयाबरोबर नाव वाढतं.

एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर

दार बंद होत नाही. आयटीआय दोन वर्षं, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे दोन वर्षं, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे तीन. दहावीनंतर एकूण सात. अकरावी-बारावी करून इंजिनिअरिंगला गेलेल्याला सहा लागतात. दहावीनंतर सरळ डिप्लोमा आणि मग पदवी, तरीही सहाच. 'आयटीआयला घातलं म्हणजे पोराचं शिक्षण संपलं' ही भीती एका वर्षाच्या फरकावर उभी आहे.

अडखळायला होतं ते गणितात. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलाचा हात वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतो आणि इंटिग्रेशनला तो अडतो, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्याने पाहिलेलंच नसतं. प्रवेश घेण्याआधीच्या सुट्टीत रोज दोन तास तेवढंच करावं. इंग्रजीतली उत्तरं लिहायचा सरावही तेव्हाच.

सुट्टीतली पंधरा दिवसांची परीक्षा

मुलाला काय जमेल, हे कल-चाचणीपेक्षा यातून जास्त कळतं. एक आठवडा ओळखीच्या वायरमन किंवा प्लंबरबरोबर साइटवर पाठवा. फक्त बघायला आणि सामान ओळखायला, चालू लायनीला हात नाही. घरी आणून दहा वायर सोलायला द्या, एका लाकडी बोर्डावर जिन्याचं टू-वे सर्किट (एक दिवा, दोन ठिकाणी स्विच) बिनविजेचं जोडायला सांगा. चुकल्यावर तो पुन्हा उघडून बघतो की वैतागून उठतो? दुसरा आठवडा कागदावर: घरातल्या विमा पॉलिसीत काय मिळणार नाही ते शोधून एका पानावर लिही, महिन्याच्या खर्चाचा बँक स्टेटमेंटशी ताळा जमव, पन्नास रुपयांचा फरक राहिला तर तोही शोध. ज्याला पन्नास रुपये स्वस्थ बसू देत नाहीत त्याची बैठक पेशाला पुरेल. ज्याने चौथ्यांदा बोर्ड उघडला त्याला वर्कशॉप बोलावतंय. दोन्ही केलं त्याने डिप्लोमा बघावा.

आणि अर्ज दोन्हीकडे भरा. आयटीआय, डिप्लोमा, अकरावी यांच्या प्रक्रिया निकालानंतर जवळपास एकाच वेळी चालू असतात. आयटीआयचे पसंतीक्रम भरताना आधी ट्रेड ठरवा, मग संस्था. घराजवळच्या नको असलेल्या ट्रेडपेक्षा तीस किलोमीटरवरचा हवा असलेला बरा. पहिल्या पसंतीची जागा लागली आणि घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर पडू शकतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाका जिथे सोमवारी सकाळी मुलगा खरंच जाणार आहे, आणि जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा.